खिडकीची जागा ब्यागेला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा मी सांगायला लागलो की माझं डोकं तापतं आणि मग हा चहा तसाच निवून जातो. इतकी वर्षं झाली, पण त्या ब्यागेचं नाव निघालं की मला अजून राग येतो. ब्यागेचा येतो, एसटीचा येतो, सलीमचा येतो. आणि खरा कोणाचा यायला पाहिजे, ते तुम्ही शेवटी सांगालच, म्हणून मी आधी बोलत नाही.

बोंडअळीचं वर्ष होतं ते. आमचं गाव दिग्रसजवळ, घरोघर कापूस. त्या साली बोंडं अशी टपोरी धरली होती की शेतात उभं राहून फोटो काढावा. आणि फोडलं की आत गुलाबी अळी, ऐसपैस बसलेली! बियाणं घेताना दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "देवराव भाऊ, याले अळी शिवतच नाही!" शिवली नाही खरी. सरळ मुक्कामालाच आली.

तेव्हापासून मी रोज कोणाशी तरी भांडत होतो. बायकोशी, बैलाशी, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या पोरीशी. राग होता बियाणेवाल्यावर, पण तो समोर सापडेल तर ना!

त्यातच माझा भाचा पुण्याहून आला आणि ही ब्याग देऊन गेला. "मामा, टू इन वन आहे. पाठीवर लावा नाहीतर हातात धरा. रोजच्याला चालते, प्रवासाला चालते." पाठीवर लावली की काळी, दोन रुंद पट्ट्यांची, एकदम रुबाबदार. आणि तेच पट्टे आतल्या कप्प्यात कोंबले, वरून एक झाकण ओढून चेन लावली की मरून रंगाची, दोन कानांची, शाळेतल्या बाई खांद्याला लावून जातात तशी पर्स! ते मरून रूप मी एकदाच बघितलं आणि भाच्याला म्हणालो, "हे पुन्हा मले दाखवू नको."

पण काळं रूप? अहो, जीव जडला! पंधरा दिवस मी तिची परीक्षा घेतली. मोटारसायकलवर पाठीला लावून दिग्रसला गेलो, पाठ दुखली नाही. बैलांसाठी दहा किलो ढेप भरून शेतात नेली, शिवण उसवली नाही. हौदावर धरून बादलीभर पाणी ओतलं, आत थेंब नाही. खोट एकच. कप्पे सात. पहिल्यात टाकलेली किल्ली दुसऱ्या दिवशी पाचव्यात सापडायची, आणि तोवर घरात सगळ्यांना माझ्या शिव्या खाव्या लागायच्या.

बायको म्हणाली, "एवढी परीक्षा तं तुमी मले पाहाले आलते तवाबी घेतली नाही."

आता एवढी चांगली वस्तू मिळाल्यावर माणूस गप्प बसतो का? मी पारावर बसून चार लोकांत सांगत सुटलो, "कागद ठेवावे तं अशा ब्यागेत. पानी शिरत नाही, उंदीर शिरत नाही!" झालं. बोंडअळीच्या तक्रारीचे अर्ज यवतमाळला नेऊन द्यायची वेळ आली आणि सगळ्या गावानं माझ्याकडे बोट दाखवलं. ब्याग देवरावची, म्हणजे जबाबदारी देवरावची.

घरोघरचा अर्ज, सातबारा, बियाण्याच्या पिशवीची पावती. वरून पुरावा म्हणून किडक्या बोंडांचा एक स्टीलचा डबा, अळ्यांसकट. शेवटचा दिवस होता. त्या दिवशी कागद कृषी ऑफिसात पोचले नाहीत तर अख्ख्या गावाची तक्रार बाद! फोनलासुद्धा ब्यागेत खास कप्पा होता, म्हणून मी फोनही त्यातच ठेवला. वस्तू आहे तर वापरायला नको का?

सकाळी दिग्रसच्या स्टँडवर मला सोडायला सलीम आला. सलीम म्हणजे माझा वीस वर्षांचा दोस्त. मोटारसायकलचे सीट कव्हर शिवतो, त्यामुळे कुठलीही शिवलेली वस्तू दिसली की डॉक्टरसारखा तपासायला लागतो. ब्याग हातात घेऊन, उलटीपालटी करून म्हणाला, "देवराव भाऊ, कपडा एक नंबर हाय. पन चेन कच्ची हाय, लिखके लेव." मी म्हटलं, "तुले सगळं जग कच्चंच दिसते! धर जरा, मी मोकळा होऊन येतो."

मी तिकडे गेलो आणि इकडे यवतमाळची गाडी लागली. मी पळत आलो तर दाराशी ही झुंबड! आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. खिडकीतून आत काही टाकलं की जागा आपली. रुमाल चालतो, टोपी चालते, एकदा तर एकानं नातूच आत सोडला होता. गर्दीच्या त्या टोकाकडून सलीम ओरडला, "भाऊ, ब्याग टाक दी! तिसरी खिडकी!" मी हात हलवला आणि लोटालोटीत आत घुसलो.

तिसऱ्या खिडकीपाशी आलो. बघतो तर काय? माझी काळी ब्याग नाही! तिथं एक मरून रंगाची पर्स टेकून बसलेली. शेजारी नऊवारीतली एक म्हातारी मावशी, मांडीवर खताच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी.

"मावशी, इथली काळी ब्याग कुठं गेली?"

"मले काय माईत बाप्पा? मी आली तवापासून हेच हाय."

"मंग हे कोनाची?"

"कोन्या बाईची असन. जागा धरून गेली."

जागा धरून गेली! माझी ब्याग उचलून, तिथं आपली पर्स ठेवून! गावाचे कागद घेऊन! सांगतो तुम्हाला, इतके दिवस मला कोणी सापडत नव्हतं ना, आता सापडलं होतं. अंगातला सगळ्या हंगामाचा राग एकदम वर आला.

"कंडक्टर! गाडी सोडू नका! चोरी झाली!"

कंडक्टर बाई होत्या. गर्दीतून वाट काढत आल्या. "काहून वरडून राह्यले भाऊ? कशी हाय तुमची ब्याग?"

"काळी! पाठीवरची! दोन पट्टे!"

बाईंनी सगळ्या गाडीला विचारलं. मग मीच तपासाला लागलो. वरच्या फळ्या, सीटांखाली, लोकांच्या पायांत. मागच्या बाकावर एका सफारीवाल्याजवळ काळी ब्याग दिसली. तो नको नको म्हणत असताना मी ती उघडली. आत दोन लुंग्या आणि शेवेचं पाकीट. तो म्हणाला, "आता घडी करून द्या." मी घडी करून दिली आणि त्याच्यावरच चिडलो, की काळी ब्याग घेऊन फिरताच कशाला?

गाडी निघाली. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, ब्याग घ्या मांडीवर अन् बसा न तिथं. कायले उभे राह्यता?"

"मी? कोन्या बाईची पर्स मांडीवर घेऊ? हा पुरावा हाय! जिची असन थे घ्याले येईनच, तवा धरतो तिले. तोपर्यंत कोनी हात लावाचा नाही!"

आणि कोणी लावला नाही हो! जागेवर ब्याग असली की आपले लोक तिला माणसासारखं मानतात. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, लोक एका पायावर उभे, आणि ती ब्याग खिडकीची हवा खात बसलेली. मी दांडा धरून तिच्यावर पहारा देत उभा. खड्डा आला की ती थोडी कलंडायची, तर मीच ओरडायचो, "सांभाळा, पडू देऊ नका! पुरावा हाय!"

थोड्या वेळानं मावशीनं हळूच विचारलं, "एवढं होतं तरी काय तुमच्या ब्यागेत?"

मी सांगितलं. गावभरचे अर्ज, बोंडअळीचे. तिनं मांडीवरची प्लास्टिकची पिशवी उघडून दाखवली. आत एकच अर्ज, चार घड्या घातलेला. "माहाबी थोच हाय," म्हणाली.

आणि मी काय बोलावं? म्हणालो, "तुमचा तरी नीट सांभाळा मावशी. चोरट्या बाया हाय गाडीत." बोलताना त्या मरून ब्यागेकडे बोटही केलं. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला माझंच बोलणं फार हुशारीचं वाटलं होतं.

दारव्हा आलं. पर्स न्यायला कोणतीच बाई आली नव्हती. मी ठरवलं, आता पोलीस! उतरताना कंडक्टर बाईंना बजावलं, "हे ब्याग कोनालेच देऊ नका. कोनी मागतली तरी नाही. मी स्वतः आलो तरच."

"तुमी कायले येसान? तुमची तं काळी हाय न?" बाई म्हणाल्या.

"थेच तं सांगून राह्यलो!" असं म्हणून मी उतरलो. काय सांगत होतो, ते मलाही माहीत नव्हतं. गाडी यवतमाळला निघून गेली.

पोलीस चौकीत हवालदारानं आधी तासभर बसवलं, मग कागद दिला. मी पानभर तक्रार लिहिली. एका दमात, एकही खाडाखोड नाही. बोंडअळीच्या अर्जाला मला तीन दिवस लागले होते! हवालदारानं वाचून विचारलं, "खिडकीतून ब्याग टाकली कोनं?"

"सलीमनं."

"मंग त्याले घेऊन या. साक्षीदार थोच हाय."

म्हणजे पुन्हा दिग्रस! परतीची गाडी मिळाली ती थेट तीन वाजता. वाटेत सारखं घड्याळ बघत होतो. गावात तोंड कसं दाखवायचं? लोक काही बोलले नसते एक वेळ, पण त्यांनी विश्वासानं दिलेले कागद! डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून अजून राग आला. तो सगळा राग घेऊन मी सलीमच्या दुकानात शिरलो.

"कोन्या गाडीत टाकली बे ब्याग?"

"यवतमाळच्या. तिसरी खिडकी. क्यों, क्या हुआ?"

"काय हुआ? तिथं मरून पर्स होती कोन्या बाईची! माही ब्याग गायब!"

सलीमनं हातातला दाभण खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "देवराव भाऊ, पट्टे खिडकीच्या गजाले अटकत होते. म्हून मी थे अंदर कोंबले अन् वरून चेन लावली. थे मरूनवालीच तं तुमची!"

त्यानंतर मी सलीमला जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. तो बिचारा सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "गाली बादमे देना. फोन किधर है तुम्हारा?"

"ब्यागेत."

त्यानं आपल्या फोनवरून माझा नंबर लावला. वाजला. वाजत राहिला. आणि कोणीतरी उचलला.

"हालो, कोन?"

आवाज ओळखीचा होता. "मावशी?"

"कोन, थे वरडनारे भाऊ का?"

काय झालं होतं सांगतो. यवतमाळला गाडी रिकामी झाली, तरी ब्यागेला धनी नाही. कंडक्टर बाईंनी नावगाव सापडतं का बघायला मावशीसमोर ती उघडली. सगळ्यात वर डबा, त्याचं झाकण निघालं आणि अळ्या बाईंच्या अंगावर! बाई किंचाळल्या. पण मावशी फोनवर म्हणाली, "अळ्या पाह्यल्या अन् मी बाईले म्हनलं, हे आपल्याच मानसाची ब्याग हाय." बाईंची ड्युटी संपली होती. त्या सरळ मावशीला घेऊन ऑफिसात गेल्या, आणि दोघी दुपारपासून लाइनीत उभ्या होत्या.

मी ज्या दोघींवर सकाळभर ओरडलो, त्याच दोघी हो!

"नंबर आलाच हाय भाऊ. माह्यासंगं तुमचेबी देऊन टाकू का?"

"द्या मावशी, द्या!" मी ओरडलो. पावणेपाच वाजत आले होते. मी उडून जरी गेलो असतो तरी पोचलो नसतो.

सलीम आणि मी एका फोनला दोन बाजूंनी कान लावून बसलो. पलीकडे शिक्का मारल्याचा आवाज यायला लागला. एक, दोन, पाच, दहा. प्रत्येक शिक्क्याला सलीम माझ्या पाठीवर थाप मारत होता. अख्खं गाव पार पडत होतं!

मग आवाज थांबला. मावशी म्हणाली, "भाऊ, सगळे घेतले. पन एक वापस देऊन राह्यले. त्याच्यावर सहीच नाही म्हनते."

मला पुन्हा संताप आला. मी घरोघर फिरून, डोक्यावर उभा राहून एकेकाच्या सह्या घेतल्या होत्या. ज्याला येत नाही त्याचा अंगठा घेतला होता. "कोन हाय थो बेअक्कल? नाव वाचा!"

कंडक्टर बाईंनी फोन घेतला आणि नाव वाचलं. माझं होतं.

दुसऱ्यांच्या सह्यांमागे धावताना स्वतःची राहिली होती. बाईंच्या हातून मावशीनं फोन परत घेतला आणि फार मायेनं विचारलं, "काहून भाऊ, आज दिवसभरात कुठं सही केलीच नाही का तुमी?"

केली होती की! दारव्ह्याच्या चौकीत, लफ्फेदार, पानभर तक्रारीखाली. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, की चोरट्या बाईची मरून ब्याग मी स्वतः दारव्ह्यापर्यंत उभं राहून राखली आहे, आणि ती माझी नाही.