अकराचा उजेड

मीराबाई गेल्याचं यादवला कळलं तेव्हा त्यांना जाऊन बारा दिवस झाले होते. घरच्यांना भेटून यावं म्हटलं, तर त्यांचं घर नेमकं कुठं ते त्याला ठाऊक नव्हतं. वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला कुठंसं, एवढंच. एकोणीस वर्षं दोघांचे डबे एकाच फळीवर असायचे, पण त्यांना मुलं किती, नवरा कधी वारला, हे त्यानं कधी विचारलं नाही. तो लाजायचा. त्यामुळे त्याच्यापाशी मीराबाईंचं जे काही आहे, ते सगळं कापडाचंच आहे.

भिवंडीतल्या दौलतशेठच्या रंगाच्या कारखान्यात त्या शेड, म्हणजे कापडाची रंगछटा, बघायच्या. रंगवलेल्या प्रत्येक लॉटचा तुकडा गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतो की नाही, हे त्यांनी सांगायचं. त्या पास म्हणाल्या की यादव चिठ्ठी लिहायचा आणि ताके टेम्पोत चढायचे.

बघण्याची त्यांची एक रीत होती. सकाळी अकराच्या सुमाराला तुकडे घेऊन त्या मागच्या, उत्तरेकडच्या ओट्यावर जायच्या. तिथं ऊन यायचं नाही, नुसता उजेड. आधी थोडा वेळ कोऱ्या कापडाकडे बघत बसायच्या.

"आत्ता लाल बघून आले ना भाऊ, डोळा त्यात बुडलाय. आता पांढऱ्यातपण हिरवं दिसंल. त्याला जरा विसरू द्या."

यादवला हा नखरा वाटायचा. एकदा त्यानं कुणी नसताना लाल तुकड्याकडे टक लावून पाहिलं आणि मग भिंतीकडे नजर वळवली. भिंतीवर हिरवट-निळा डाग तरंगत होता. तो दचकला, पण मीराबाईंना बोलला नाही.

शेठचा मुलगा कुणाल कारखाना बघू लागला तेव्हा त्यानं आत एलईडी लावले आणि त्यांच्याखाली शेड बघायला टेबल टाकलं. मीराबाई त्या टेबलावर बसून डबा खायच्या.

डिसेंबरात एका शाळेच्या गणवेशाचं राखाडी कापड निघालं. पहिला लॉट देऊन झाला होता. दुसऱ्याच्या वेळी आधीची निळी पूड संपली, म्हणून रंगमास्तरनं दुसरी निळी घालून राखाडी जुळवला. लॉट सुकून हातात आला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. बाहेर अंधार पडला होता आणि कशेळीच्या गोदामाला जाणारा टेम्पो दाराशी होता.

"मावशी, बघून टाका पटकन. टेम्पो खडा हाय," कुणाल म्हणाला.

मीराबाईंनी दोन्ही लॉटचे तुकडे एलईडीखाली धरले.

"काय फरक?"

"न्हाय. एकसारखे हायेत."

"मग पास."

"पास न्हाय. उद्या अकराला बघते."

कुणालला हसूच फुटलं. "सारखे दिसतात तरी पास नाय? मावशी, जोक मारता काय?"

"निळी बदललीय, शेठ. या बल्बाखाली सारखे हायेत, बाहेरच्या उजेडात फाकतील. राखाडी लय लबाड."

"मी मोबाईलवर वाचलंय, वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. मग निळ्यातलं समजत नाय. यादवकाका, पास लिहा."

मीराबाई पिशवी उचलून घरी गेल्या. यादवनं पास लिहिलं. चिठ्ठीवर 'तपासणाऱ्याचं नाव' असा रकाना होता. तो मोकळा कसा ठेवायचा? हाताच्या सवयीनं त्यानं तिथं मीराबाईंचं नाव लिहिलं.

शिंप्यानं कुर्त्यांचं अंग पहिल्या लॉटातून कापलं आणि बाह्या दुसऱ्यातून. शाळेच्या मैदानात प्रार्थनेला मुली उभ्या राहिल्या तेव्हा अंग राखाडी आणि बाह्या तांबूस दिसू लागल्या. उरलेलं कापड परत आलं. दौलतशेठनं तिघांना केबिनमध्ये बोलावून चिठ्ठी पुढ्यात टाकली.

"यावर नाव कोणाचं हाय?"

"मीराबाईंचं," यादव म्हणाला. मग तो खिशातलं पेन नीट लावू लागला.

मीराबाईंनी चिठ्ठी हातात घेतली. यादवचं अक्षर त्यांना पाठ होतं. चिठ्ठी त्यांनी परत टेबलावर ठेवली आणि कुणालकडे बघून म्हणाल्या, "मी नको म्हटलं होतं."

"कधी, मावशी?" कुणाल म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. आठवड्याभरात रंगाच्या सगळ्या कारखान्यांत झालं, मीराबाईचे डोळे गेले. ज्यांचं पोटच डोळ्यांवर, त्यांना मग कोण दारात उभं करणार?

यादवची पूर्वी नावाची नात विज्ञान शिकते. तिला त्यानं एकदा, कोणाचं म्हणून न सांगता, हे कोडं घातलं. ती म्हणाली, कोडं कसलं आजोबा, सोपं आहे. उजेडातला जो भाग कापड परत फेकतं तोच आपल्याला दिसतो, आणि रंग ओळखणाऱ्या पेशी डोळ्यात फक्त तीन प्रकारच्या. तिन्हींकडचा हिशेब सारखा आला की दोन वेगळे रंगही एकच वाटतात. दिवा बदलला की हिशेब बदलतो.

"म्हणजे त्या बाई बरोबर होत्या?"

"शंभर टक्के. का? त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

यादव पाणी प्यायला उठला.

त्यानंतर महिन्याभरानं मीराबाई त्याला अंबाडी नाक्यावर दिसल्या. मेथीच्या दोन जुड्या घेऊन एसटीची वाट बघत होत्या. चिठ्ठीवर नाव मी लिहिलं, आणि तुमचं बरोबर होतं, ही दोन वाक्यं त्यानं मनात कितीदा जुळवून ठेवली होती. तो जवळ गेला. त्यांनीच आधी विचारलं.

"बरं हाय ना, यादवभाऊ?"

"बरं हाय. तुमचं?"

"हाय आपलं. ती वाड्याचीच गाडी ना?"

"वाड्याचीच."

"मग निघते. घरी सगळ्यांना जय भीम सांगा."

"सांगतो," यादव म्हणाला.