अक्कांचा शॉर्टकट

एका रविवारी जळगावातल्या एका सायबर कॅफेत माझं डोकं असं फिरलं होतं, की आजही आठवलं तरी कान तापतात...

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, पण क्लासला इंटरनेट नव्हतं. म्हणून आठवड्यातून एकदा मेल बघायला या कॅफेत यायचे. चार मशीन, मध्ये प्लायवूडचे आडोसे, आणि फोनची लाईन जोडली जाताना होणारा तो किंचाळल्यासारखा आवाज.

तिथे अक्का यायच्या. पाचोऱ्याच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली. ती इंग्रजी अक्षरांत मराठी मेल लिहायची आणि ती वाचायला अक्का दर रविवारी पॅसेंजरने जळगाव गाठायच्या.

मेलचं खातं कॅफेच्या मालकानंच उघडून दिलेलं. पासवर्डही त्यालाच ठाऊक! अक्कांना खुर्चीत बसवायचा, शेजारी उभा राहून साईटचा पत्ता स्वतः टाईप करायचा, आणि माउस काही सोडायचा नाही. "अक्का, तुमच्या हाताला नाही जमणार हे."

एका दिवसाच्या बाळाला इंजेक्शन देणारा हात तो... त्याला माउस जमणार नाही म्हणे!

वर मेलही तोच वाचून दाखवायचा. मोठ्यानं, बातम्या वाचाव्यात तशी. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "ताई, त्यांना स्क्रीनवर दिसत नाही नीट." त्यांना दिसत होतं. चांगलं दिसत होतं.

असंच एका रविवारी त्यानं वाचायला सुरुवात केली... "आई, मी ह्यांचं घर सोडलंय. मैत्रिणीकडे राहते आहे. गावात इतक्यात कुणाला कळू देऊ नकोस."

इथे तरी थांबावं की नाही माणसानं? नाही थांबला. नवरा काय म्हणाला, सासू फोनवर काय बोलली, सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कॅफेत आम्ही, नंबर लावून थांबलेले धरून, पाच गिऱ्हाईकं होतो, त्यातले एक गृहस्थ पाचोऱ्याचेच. अक्का उठल्या आणि पर्स घेऊन निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्यांनीच मला सांगितलं. सोमवारी सकाळी दूध तापत होतं, तेवढ्यात शेजारीण दारात... "मुलगी कधी येतेय परत?" असं विचारत. विचारताना चेहरा अगदी काळजीचा.

माझं डोकं फिरलं ते तेव्हा. आणि खरं सांगू, निम्मा राग स्वतःचाच आला होता. त्या पाचांतली एक मीही होते. उठून त्याचा हात बाजूला करायला काय झालं होतं मला?

क्लासची किल्ली माझ्याकडे होती. अक्कांना तिथे घेऊन गेले आणि माउसवर हात बसावा म्हणून कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या खेळावर बसवलं. पहिली दहा मिनिटं पत्ते कुठेही जाऊन पडत होते. तासाभरात पूर्ण डाव लागला... आणि अक्का लहान मुलीसारख्या हसल्या.

मग परत कॅफेत आलो. मेलची साईट उघडली, पानावर राइट क्लिक केलं, 'क्रिएट शॉर्टकट'. डेस्कटॉपवर एक छोटं चिन्ह आलं, त्याला 'अक्का' नाव दिलं. आता लांबलचक पत्ता टाईप करायला नको, मालकाला हाक मारायला नको. दोनदा टिचकी मारली की साईट समोर. मालकाकडून जुना पासवर्ड मागून घेतला, नवा अक्कांनी एकेक अक्षर शोधत स्वतः टाकला, आणि साईटचा पत्ता चिठ्ठीवर लिहून घेतला.

त्यानंतरच्या रविवारी गेलो, तर चिन्ह गायब!

"मीच उडवलं," मालक म्हणाला. "माझा डेस्कटॉप काय धर्मशाळा आहे? आज त्या ठेवतील, उद्या सगळे ठेवतील."

मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही... पण अक्कांनी माझा दंड धरला. रागावल्या, भरून आलं, की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. "तू कशाले भांडस, पोरी? काढू दे त्याले. माले येस आते." मला येतं आता, म्हणे!

पर्समधून चिठ्ठी काढली. तिच्यावरचा साईटचा पत्ता एका बोटानं टाईप केला, राइट क्लिक केलं, चिन्ह पुन्हा जागेवर. मालक सवयीनं पुढे आला. "द्या इकडे, वाचून दाखवतो."

अक्कांचा हात माउसवरून हलला नाही. "राहू द्या. हाई मनी पोरनं पत्र शे." माझ्या पोरीचं पत्र आहे हे!

आणि मग वॉर्डात बोलत असतील तशा, शांत, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तीस वर्षं मी पाचोऱ्यात बाळंतपणं केली. कुणाच्या घरात काय चाललंय, मला सगळं ठाऊक असायचं. एका घरातली गोष्ट मी दुसऱ्या घरात कधी नेली नाही."

मालक काउंटरवर जाऊन बसला आणि उगाच वहीची पानं उलटत राहिला. माफी? छे... ती काही त्यानं मागितली नाही. पुढे दोनदा चिन्ह उडवलं, दोन्ही वेळा अक्कांनी परत केलं. मग त्यानं नाद सोडला.

मुलगी त्याच वर्षी परत आली. नाशिकला नोकरी धरली, अक्का तिच्याकडे राहायला गेल्या.

पण त्या दिवशी, मालक काउंटरवर गेल्यावर, अक्का तासभर एका बोटानं मुलीला उत्तर लिहीत होत्या. मध्येच थांबायच्या, पदरानं डोळे पुसायच्या, पुन्हा एक अक्षर... मी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले होते.

त्यांनी काय लिहिलं, ते मला आजतागायत माहीत नाही. माहीत नाही, याचंच फार बरं वाटतं.