गिअरचं ऑइल कोणी टाकलं?

गॅरेजमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. हात रोज धुतला तरी नखांच्या कडेला काळं राहतं, तसे ते राहून जातात. काम सोडून मला आता बरीच वर्षं झाली. नखं स्वच्छ झाली, किस्से काही गेले नाहीत. मित्र म्हणतात, सांग की एखादा. पण मी बोलतो सावकाश. मुद्द्यावर येईपर्यंत चहा गार होतो आणि निम्मे लोक उठून जातात. म्हणून लिहितो. लिहिताना कोणी उठून जाताना दिसत तरी नाही!

*

नाना पेठेत हसनचाचांचं मोटरसायकलचं गॅरेज होतं. दोन गाड्या आत, चार फुटपाथवर. कामाला आम्ही दोघं. मी, म्हणजे सोपान, आणि बबन.

ऑइल मात्र चाचा स्वतः टाकायचे. टू-स्ट्रोक गाडीत गिअरचं ऑइल वेगळं असतं. फोर-स्ट्रोक नव्या आल्या, त्यांच्यात इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑइल. ते चुकलं की तिघंही एकदम रुसणार. म्हणून ऑइल टाकण्याआधी चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचे. "जाणार कुठे?"

सदाशिव पेठेतले एक गृहस्थ यावर भडकले. "अहो, मी गाडी दुरुस्तीला आणलीय. कुठे जातो ते घरी बायकोलासुद्धा सांगत नाही!"

चाचा शांतपणे म्हणाले, "नका सांगू. पण रोज डेक्कनपर्यंत जात असाल तर एक ऑइल, रोज दिवे घाट चढत असाल तर दुसरं. बायकोला गाडी ढकलावी लागत नाही. मला लागते."

गृहस्थ इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सासवड. दिवे घाटातून."

*

मांजरी गावचे एक ऊसवाले पाटील होते. त्यांनी ट्रॅक्टरच्या गिअरचं जाड ऑइल घरीच मोटरसायकलमध्ये ओतलं. डबा अर्धा शिल्लक होता, वाया कशाला घालवायचा?

थंडीची सकाळ. पाटील रेल्वे फाटकातून चालले होते. बरोबर रुळांवर गाडी बंद पडली. गिअर अडकलेला. पायाने दाबला, वर ओढला, हलेना. न्यूट्रलच होईना, त्यामुळे ढकलताही येईना. तेवढ्यात घंटा वाजली आणि फाटक खाली यायला लागलं.

लोक ओरडत होते, "पाटील, गाडी सोडा!" पाटलांनी काही ती सोडली नाही. मागचं चाक उचलून, पुढच्या चाकावर फरपटत गाडी रुळांबाहेर काढली. मागून रेल्वे गेली तेव्हा त्यांची टोपी उडाली.

दुपारी गॅरेजला आले ते बोडक्यानेच. तरी तोरा तोच. "ट्रॅक्टर वडतुया ह्या ऑइलवर. मग फटफटीला काय धाड भरली?"

चाचांनी विचारलं, "बैलाचा भार कधी कोंबडीवर घातलाय का?"

"आवं, कोंबडी मरंल की!"

चाचांनी खाली बसून ऑइलचा बोल्ट सैल केला. पाटलांनीच विचारलं, "आता कंचं ऑइल टाकताय?"

*

काढलेलं ऑइल चाचा पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत घ्यायचे आणि ताटली उन्हात तिरपी धरायचे. गाडीच्या पोटात काय चाललंय ते त्यात दिसतं.

खडकवासल्याकडून एक फौजी साहेब यायचे. मिशा, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, आवाज असा की बबनच्या हातून पाना पडायचा. एकदा त्यांच्या गाडीच्या ऑइलमध्ये लोखंडाचे बारीक कण चमकले. चाचा म्हणाले, "आज गाडी मिळणार नाही."

साहेब गरजले, "मला पाच वाजता परेडला हजर व्हायचंय. गाडी बाहेर काढा. इट इज ॲन ऑर्डर!"

मी गाडी बाहेर काढायला निघालोसुद्धा होतो. चाचांनी मला हाताने थांबवलं. "साहेब, ऑर्डर मी ऐकेन. सोपान पण ऐकेल. गिअरला कोण सांगणार?"

साहेब रिक्षाने गेले. आम्ही गिअरबॉक्स उघडला. एका गिअरचा दात निम्मा तडकून जेमतेम टिकून होता. सिंहगड रस्त्यावर तो अडकला असता तर मागचं चाक जागच्या जागी थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो दात हातावर घेऊन बराच वेळ पाहिला. तेव्हापासून ते आमच्याकडे युनिफॉर्म घालून कधी आले नाहीत.

*

मग चाचांना मोतीबिंदू झाला. ताटलीतली चमक दिसेना. एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "इथून पुढे ऑइल एकच माणूस टाकेल. सोपान नाहीतर बबन."

ऑइल टाकणारा म्हणजे गॅरेजचा शब्द. बबन नववी पास, इंग्रजी डबे घडाघडा वाचायचा. मी चौथीत शाळा सोडलेली. मला डब्याचा फक्त रंग कळायचा.

चाचांनी ऑइलच्या तीन वाट्या मांडल्या. "डोळे मिटा. बोटांनी सांगा."

बबनने तिन्ही चटकन सांगितली. पहिलं स्कूटरचं, दुसरं फोर-स्ट्रोकचं, तिसरंही फोर-स्ट्रोकचंच. मी वेळ घेतला. अंगठा आणि बोट चोळत राहिलो. पहिली दोन बबनसारखीच. तिसऱ्याला बोट जरा जास्तच लवकर सुटत होतं. म्हणालो, "चाचा, ह्यात पाणी शिरलंय."

चाचा म्हणाले, "उद्यापासून ऑइल सोपान टाकेल."

बबन उसळला. "चाचा, त्याला डबा वाचता येत नाही!"

"डबा वाचायला दुकानदार आहे ना!"

त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. पुढे सहा महिने मी टाकलेल्या ऑइलची एकही गाडी परत आली नाही.

*

आणि मग एका सकाळी देवधर मास्तर आले.

मास्तर शाळेत संस्कृत शिकवायचे. गाडी फोर-स्ट्रोक, शंभर सीसीची. मागे त्यांची मुलगी वसुधा, मांडीवर कागदांची फाईल. साताऱ्याच्या एका शाळेत तिची शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखत होती, दुपारी एक वाजता. याआधी दोन ठिकाणी नोकरी हुकली होती. मास्तरांनी मेहुण्याकडून ऑइलचा एक भारी डबा आणला होता. "परदेशी आहे. हेच टाका."

"जाणार कुठे?" मी विचारलं.

"सातारा. कात्रजच्या घाटाने."

मी डबा उघडला. वास घेतला, बोटं चोळली. सुरेख ऑइल! पाणी नाही, कचरा नाही, जाडी बरोबर. टाकलं. वसुधा जाताना म्हणाली, "येते दादा."

अर्ध्या तासाने बबनने रिकामा डबा उचलला. उलटा करून वाचला. पुन्हा वाचला. "सोपान, हे कारचं आहे. बारीक अक्षरात लिहिलंय, क्लच भिजलेला असतो त्या गाडीत टाकू नका."

बबन हसला नाही. तेच मला जास्त लागलं.

कारचा क्लच कोरडा असतो. आपला ऑइलमध्ये बुडालेला. हे ऑइल इतकं गुळगुळीत की क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत. सपाटीला कळणार नाही. चढाला, दोन माणसं बसलेली असताना, इंजिन नुसतं ओरडेल आणि गाडी जागेवर. मागून ट्रक.

मी चाचांकडे गेलो. सगळं सांगितलं. चाचांनी डब्याच्या तळाला राहिलेलं ऑइल बोटावर घेतलं. चोळलं. खूप वेळ चोळलं. मग बोट पँटला पुसलं आणि खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढली. "चल. तू चालव."

चाचांच्या गाडीवर मी त्याआधी कधी बसलो नव्हतो. स्वारगेट, धनकवडी, कात्रजची डेअरी कधी मागे गेली, कळलं नाही. घाटात प्रत्येक वळणावर वाटायचं, पुढे गर्दी दिसेल. रस्त्यावर फाईल पडलेली दिसेल.

घाटमाथ्यावरच्या बोगद्याच्या अलीकडे ते दिसले. उभे होते. दोघंही उभे होते! गाडी कठड्याला टेकवलेली. फाईल वसुधाच्या छातीशी.

मास्तर म्हणाले, "या. गाडीला आवाज आहे, गती नाही. आमच्या हेडमास्तरांसारखी."

मी म्हणालो, "सर, चूक माझी. ऑइल कारचं होतं."

"डबा मी आणला होता."

"पण टाकलं मी. बघून."

"बघून की चोळून?"

मी बोटं पँटला पुसली. वसुधाने घड्याळ पाहिलं आणि पटकन हात खाली घेतला.

चाचांनी किल्ली पुढे केली. "प्लेटांत ते ऑइल मुरलंय, आता बदलून उपयोग नाही. माझी गाडी घेऊन जा. पोरीची वेळ चुकायला नको."

मास्तरांनी किल्ली घेतली नाही. चाचांच्या गाडीकडे पाहिलं. "पुढे खंबाटकीचा घाट आहे."

"चढेल."

"हिच्यात ऑइल कोणी टाकलंय?"

एक ट्रक शेजारून कण्हत वर गेला.

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यानेच."

त्या गाडीच्या ऑइलचं झाकण मी तोवर उघडलेलंसुद्धा नव्हतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. किल्ली घेतली आणि म्हणाले, "वसुधा, बस मागे."

गाडी गेली. पहिला, दुसरा, तिसरा. बोगद्यात शिरेपर्यंत मी प्रत्येक गिअर ऐकला.

मी मास्तरांची गाडी वळवली. चाचा मागे बसले. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही खोटं..."

"सोड ब्रेक," चाचा म्हणाले. "पुणं उताराला आहे."