अंबाड्यावरची उंची

बायकांच्या दवाखान्यात उंची-वजन घेणाऱ्या ताईंचा हात भारी सढळ होता. उंची मोजायची आडवी फळी त्या डोक्यापर्यंत कधी आणतच नसत. अंबाड्यावर टेकली की आकडा वाचून मोकळ्या. दमूनभागून आलेल्या बाईला केस कुठे सोडायला लावायचे, असं त्यांचं म्हणणं. आता बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, काढायचा तर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. त्यामुळे अंबाड्याच्या तीन-चार इंचांत सत्ताविसाची बाई चोविसावर येई आणि हसत घरी जाई. पंचविसाच्या पुढे रक्त तपासायला जावं लागे, तेही वाचे. वजन उतरवण्यापेक्षा केस चढवणं सोपं, हे बायकांना लवकरच उमगलं आणि रांगेतले अंबाडे वर्षागणिक उंच होत गेले.

ताईंचा स्वतःचा आकडाही दरवर्षी चोवीसच. धाप लागे ती जिन्याच्या माथी मारायची, रात्री पाण्यासाठी उठावं लागे ते चहाच्या माथी.

त्या सकाळी रांगेत त्यांची धाकटी बहीण होती. बाकावर बसल्या बसल्या तिने पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि दुसरी उघडली. ताई फळी सोडून तिच्याकडे बघू लागल्या. आई साखरेच्या आजारानेच गेली होती, आणि तीही शेवटी अशीच पाणी पाणी करायची. बहिणीला दरवर्षी 'छान आहे' म्हणून परत पाठवणाऱ्या आपणच, या विचाराने त्यांना स्वतःचा राग आला.

"अंबाडा सोड," त्या म्हणाल्या.

"सगळ्या गावाला सूट आणि सख्ख्या बहिणीला नियम?"

"सख्ख्या बहिणीलाच."

"मग आधी तू सोड, ताई."

ताईंनी एकेक पिन काढली. केस मोकळे झाले आणि आतून गुंडाळलेला काळा मोजा जमिनीवर पडला.

बहिणीने तो उचलून निरखला. "भावजींचा दिसतोय."

फळी आज पहिल्यांदाच ताईंच्या डोक्याला टेकली. सत्तावीस. बहीण सव्वीस.

डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या कमरेला टेप लावली. "नुसत्या बीएमआयवरून आजार ठरत नाही," त्या म्हणाल्या. "ओझी उचलणाऱ्या धट्ट्याकट्ट्या बाईचाही तो जास्त येतो, आणि बारीक बाईलाही साखर होते. पण आकडा खरा असला, तर तपासायचं कुणाला हे तरी कळतं."

दोघींनी तपासायला रक्त दिलं.

बहिणीची साखर अगदी ठीक निघाली. अंबाडा उंच करायच्या नादात सकाळपासून पाणी प्यायचंच राहिलं होतं, म्हणून ती तहान. ताईंच्या कागदावर मात्र डॉक्टरीणबाईंनी लाल गोल काढला आणि त्यांना दुपारी पुन्हा बोलावलं.

ताई बाकावर येऊन बसल्या. त्या घाबरल्या होत्या आणि ते लपवायला अंबाडाही राहिला नव्हता. बहिणीने आपली उघडलेली बाटली त्यांच्या हातात दिली.

ताईंनी ती एका दमात संपवली.