शांताची सुकडी

काल अंगणवाडीसमोरून जाताना सुकडीचा वास आला, भाजलेल्या पिठाचा आणि गुळाचा, आणि माझा पाय पुढे पडेना.

बहात्तरच्या दुष्काळात नेवाशाजवळ आम्ही खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची. माझ्या मैत्रिणीचं, शांताचं, तिथेच कामावर असलेल्या एकाशी जमलं होतं. लग्नही ठरलं होतं. त्या दिवशी मुकादम म्हणाला, "शांते, हातोड्यापरीस तुजी जीभ जोरात चालती," आणि ती हसली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने ते पाहिलं आणि येऊन तिच्या हातातली ताटली उडवली. मग लगेच शेजारी बसून आपल्यातला घास तिला भरवला. बाया खिदळल्या, "लई जीव हाय गं बाई!"

तो पाणी प्यायला गेल्यावर शांता हळूच म्हणाली, "मला भ्या वाटतं गं त्याचं. नको म्हनू का?"

"येडी का काय? जीव हाय म्हनून तर रागावतो," मी म्हणाले.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती विहिरीत सापडली. तोल गेला, असं त्याने सांगितलं. मीही सगळ्यांना तेच सांगत आले.

तिने विचारलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मातीत सांडलेली तिची सुकडी मी माझ्या पदरात गोळा करत होते.