झडतीची रांग

कन्हानच्या पुढे एका कारखान्याच्या गेटबाहेर मी माणसं मोजत उभी होते. दुपारी दोनला शिफ्ट बदलते. माझ्या लॅपटॉपमधल्या यादीप्रमाणे त्या वेळी गेटवर कोणीच नव्हतं. समोर दोनशेच्या वर माणसं होती.

माझं काम थोडक्यात सांगते. विमा कंपनी घातपाताचा विमा देते, तेव्हा तिला दोन गोष्टी हव्या असतात: इथे कोणी मुद्दाम स्फोट घडवण्याची शक्यता किती, आणि झालाच तर किती माणसं मरतील. हा अंदाज बांधण्याच्या गणिताला आम्ही मॉडेल म्हणतो. माणसांची यादी कारखाना देतो. यादीत सगळे आपापल्या शेडमध्ये शहाण्यासारखे कामाला लागलेले होते.

इथे खाणींसाठी सुरुंगाची दारू बनायची. आत काडेपेटी, मोबाइल जाऊ नये म्हणून प्रत्येकाची झडती. बायांची रांग सगळ्यात लांब, थेट ट्रक उभे राहायचे तिथपर्यंत. ट्रक मात्र आत शिरेपर्यंत कोणी तपासत नव्हतं. सुरक्षेच्या नावाखाली यांनी सगळ्यात धोक्याची जागा स्वतःच तयार केली होती. मला चीडच आली.

रांगेत शेवटी रत्नमालाबाई होत्या. ठेकेदाराकडे सहा वर्षांपासून पॅकिंगचं काम करत होत्या. रोज इतका वेळ का लागतो, असं मी विचारलं.

"बायांची झडती घ्याले एकच बाई आहे न मॅडम. रोज अर्धा घंटा उभंच राहा लागते." मग माझ्या वहीकडे बघून म्हणाल्या, "आमचे नावं लिहून राहिल्या का?"

मी हो म्हटलं. खरं तर फक्त आकडा लिहीत होते. ठेकेदाराची माणसं यादीत नव्हतीच.

रिपोर्टमध्ये मी दोन ओळी टाकल्या. ट्रक दुसरीकडे उभे करा. झडतीला आणखी दोन बाया नेमा. आमच्या साहेबांनी रिपोर्ट वाचून मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, घातपाताची शक्यता किती येते?"

"नगण्य."

"मग या दोन ओळी कशाच्या जोरावर?"

शक्यता नगण्य असेल तर शिफारस करायची नाही, हा आमचा नियम. नवीन आलेल्यांना तो मीच शिकवते. साहेबांनी काही खोडलं नाही. जागेवर येऊन त्या ओळी मी स्वतः डिलीट केल्या.

चार महिन्यांनी, शिफ्ट बदलताना, हँडब्रेक न लावलेला एक रिकामा ट्रक उतारावरून सुटला आणि बायांच्या रांगेत घुसला. तीन बाया गेल्या. रत्नमालाबाईंचं पूर्ण नाव मला पेपरात कळलं.

साहेबांचा फोन आला. हा अपघात आहे, आपल्या मॉडेलचा काही संबंध नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

आता मी रिपोर्टमध्ये माणसं कुठे उभी आहेत ते आधी लिहिते. त्यांना कशापासून धोका आहे, ते नंतर. त्या कारखान्यात ट्रक हलवले आहेत, झडतीला तीन बाया आहेत.

आणि त्या गेटवर घातपाताची शक्यता नगण्य, हा माझा अंदाज आजही बरोबर आहे.