विनातिकीट फुलपाखरू

प्रमिलाताई गजभियेंना कोणी काही सांगायला लागलं की त्या आधी उजवा तळहात पुढे करायच्या. मग म्हणायच्या, "दाखव."

दूधवाला म्हणाला, आज गाडी उशिरा आली, तर तळहात पुढे. शेजारीण म्हणाली, मुलाला नोकरी लागली, तरी तळहात पुढे. सगळी नोकरी रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून झालेली. वर्दी उतरली, पण हात खाली यायला तयार नव्हता.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती याच हाताने. नंदनवनच्या पलीकडे, उमरेड रोडवरून आत वळलं की एक जुना तलाव आहे. त्याला लागून झुडपी जंगल. उन्हाळ्यात आमचा एक गट तिथे फुलपाखरं मोजायला जातो. विदर्भात ठिकठिकाणी असे गट आपापली जागा वाटून घेतात आणि आपापल्या नोंदी एकत्र करतात. लोक हसतात. मे महिन्यातल्या नागपुरात माणूस दिसत नाही, फुलपाखरू कुठून दिसणार? पण ऊन चढायच्या आधी गेलं तर तलावाच्या ओल्या चिखलावर ती पाणी प्यायला उतरतात. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. घरी आजारी आईची सेवा करायचे; ती गेल्यावर रिकामी सकाळ खायला उठत होती, म्हणून या गटात शिरले. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने ओरडले, "ते बघा, लिंबाळी!" मागून तळहात आला.

"कुठं आहे? दाखव."

"उडालं ना आता."

"मंग विनातिकीट झालं," ताई म्हणाल्या. "उतरवून टाक."

फोटो असावा, नाहीतर निदान दोघांनी पाहिलेलं असावं, त्याशिवाय नोंद नाही, हा नियम त्यांनीच गटाच्या गळी उतरवला होता. आमचे प्रमुख देशकर सर दाताचे डॉक्टर. मनाने फार चांगला माणूस, पण उत्साह आवरत नसे. एखादं काळसर काही झाडीतून गेलं की सर तीन नावं सांगत आणि त्यातलं सर्वात दुर्मीळ लिहायला निघत. ताई त्यांना आडव्या येत. "सर, तुम्ही दात पाहून काढता का आवाज आयकून?" सर हसत आणि खोडत.

या बाईंचा संशय सुरुवातीला मला टोचायचा. एकदा मी विचारलंच, "ताई, तुम्हाला कोणाचं काही खरंच वाटत नाही का?"

त्या बांधावर बसल्या होत्या, बाटलीतलं पाणी पीत. म्हणाल्या, "तुले सांगू का? मी नवीन होती तवा वर्दी घालून, बिल्ला लावून डब्यात चढायची, आन् लोक मलेच विचारायचे, तू खरंच टीसी आहेस का? कोणाच्या जागेवर आली? माह्या आडनावावर नजर गेली का आणखी दोनदा विचारायचे. सोबतचा टीसी यायचा, त्याले कोणी काही नाही विचारायचं. मंग मी ठरवलं, आपण सगळ्यायले विचारायचं. सुटाबुटातल्यालेही आन् गाठोडंवालीलेही. एकाले विचारलं न् दुसऱ्याले सोडलं तर तो अपमान होते. सगळ्यायले विचारलं तर ते काम होते."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून तो हात पुढे आला की मला टोचेनासा झाला.

सगळ्यांचं तसं नव्हतं. गटात मृणाल नावाची एक मुलगी होती, नुकतीच वकिलीची परीक्षा दिलेली, हळवी. एका सकाळी ती नाल्याकडून धावत आली. तिने निलवंत पाहिलं होतं, मोठं, काळं, निळ्या झाकेचं, आपल्या राज्याचं फुलपाखरू. आमच्या तलावावर ते तोवर कोणालाच दिसलेलं नव्हतं. ती एकटीच होती आणि फोन बंद पडलेला. ताईंनी हात पुढे केला. मृणालचे डोळे भरले. "म्हणजे मी खोटं बोलते का?" ताई म्हणाल्या, "मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, दाखव." मृणाल त्यानंतर यायची बंद झाली. गटाच्या व्हॉट्सॲपवर मात्र तिचं नाव राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली की तलावाकाठची झुडपं काढून तिथे प्लॉटचं लेआउट पाडायचा प्रस्ताव आहे. हरकती मागवल्या होत्या. आम्हीही हरकत दिली आणि सुनावणीच्या तारखेची वाट पाहत जोमाने मोजायला लागलो. पण आमची यादी बघून सरांचा चेहरा पडायचा. बिबळ्या कडवा, लिंबाळी, भिरभिरणारी पिवळी. सगळी कुठल्याही बागेत दिसणारी. सर म्हणत, "यादीत एक तरी संरक्षित नाव हवं हो. मग वजन येतं."

आणि एका सकाळी ताईंना ते दिसलं.

आम्ही सगळे तलावाच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्या एकट्या घोळीच्या भाजीच्या पट्ट्यात उभ्या. परत आल्या तेव्हा कपाळावर घाम आणि चेहरा विचित्र. "बिबळ्या कडवा समजून सोडून देत होती," त्या सांगू लागल्या. "पण मागच्या पंखावर कडव्याले मधात ठिपके राहतात ना तीन-चार? याले एकच, वरच्या कडेले. मांडून बसलं होतं माह्यासमोर. दुसऱ्याच्या पासवर प्रवास करून राहिलं होतं लेकाचं!"

सरांनी उडीच मारली. "छोटा चांदवा!" त्याची मादी कडव्यासारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला कडू समजून सोडतात. संरक्षित यादीतलं नाव. "फोटो?"

"फोन झोळ्यात होता. झोळा झाडाले."

"काही हरकत नाही ताई! तुम्ही पाहिलंय म्हणजे झालं. तुमच्यावर कोण शंका घेणार?"

"मी," ताई म्हणाल्या. "लिहू नका."

त्या दुपारी गटावर मेसेजचा पाऊस पडला. सरांनी लिहिलं, लिहून टाकू या, आपल्याला तर खरं माहीत आहे. चार-पाच जणांनी हात जोडले. झाडं वाचतील, एका ओळीचा तर प्रश्न आहे. ताईंनी एकच उत्तर दिलं: "मी एकटीने पाहिले. लिहिणार नाही. कोणी लिहिले तर मी सुनावणीत उठून सांगीन."

मग कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, ताईंचा पुतण्या विलास प्लॉटच्या व्यवहारात आहे, उमरेड रोडलाच. दुसरं कोणी म्हणालं, म्हणूनच लिहू देत नाहीत. तिसऱ्याने तर विचारलं, मुळात फुलपाखरू दिसलं तरी होतं का, की आपल्याला झुलवतायत? चालताना लोक त्यांच्यापासून चार पावलं लांब राहू लागले. आयुष्यभर दुसऱ्यांपुढे हात करणाऱ्या बाईपुढे आता सगळ्यांनी हात केला होता, तोही पाठीमागे.

एका संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या. चहा घेतला नाही. सरळ म्हणाल्या, "विलास प्लॉटाचं काम करते, हे खरं आहे. या लेआउटात तो आहे का नाही, मले माहीत नाही. विचारलं तर नाही म्हणते. आता तू सांग. तुले काय वाटून राहिलं?"

'छे हो ताई, काहीतरीच काय' हे वाक्य माझ्या ओठांवर होतं, पण त्या डोळ्यांसमोर ते निघेना. म्हटलं, "मला माहीत नाही, ताई."

त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं तू गोड नाही बोलली. आता चहा टाक."

चहा पिताना त्यांनी मृणालच्या घराचा पत्ता विचारला. मी सोबत गेले. मृणालने दार उघडलं आणि ती दारातच ताठ उभी राहिली. ताई म्हणाल्या, "बेटा, तू पाह्यलं तेव्हा तुले कसं वाटलं असंल ते आता समजलं मले. ते निळं तू पाह्यलंच असशील. माह्या मनात तवाही शक नव्हता. पण यादीत ते आजही घेणार नाही. माहंही नाही घेतलं." मृणालने दार पूर्ण उघडलं.

त्यानंतर सुनावणीपर्यंत ताई रोज घोळीच्या पट्ट्यात जाऊन बसल्या. मीही जायचे. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, फोन हातात धरलेला. प्रत्येक बिबळ्या कडव्याचे ठिपके पाहायच्या. "तू खराच आहेस. जा." पुढचा. "तूही खराच." आपल्याला हवा असलेला लबाड काही पुन्हा आला नाही. एकदा त्यांना भोवळ आली. मी घरी चला म्हटलं तर म्हणाल्या, "काहून? मी घरी गेली आन् तो आला तर?"

सुनावणीला खोली भरलेली, समोर अधिकारी, आमच्यात मृणालही. लेआउटवाल्यांचा वकील तरतरीत होता. आमची यादी त्याने दोन बोटांनी उचलली आणि म्हणाला, "साहेब, ही यादी बनावट आहे. हे लोक आपापसात ठरवून नावं घालतात." आणि त्याने मोबाइलवरच्या संभाषणाची छापील प्रत पुढे ठेवली. आमच्याच गटाची. सरांचं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं. लिहून टाकू या. मग जोडलेले हात वाचून दाखवले. सरांनी मान खाली घातली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यातल्याच कोणीतरी हे दिलं होतं.

ताई उठल्या. "साहेब, त्यायले याच्या खालचा मेसेज वाचाले सांगा."

वकील म्हणाला, "माझ्याकडे एवढंच आहे."

"माह्याकडे आहे." त्या पुढे गेल्या आणि फोन अधिकाऱ्यांपुढे धरला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "म्हणजे तुम्ही पाहिलं, तरी लिहिलं नाही?"

"एकटीनं पाह्यलं, साहेब. फोटो नाही. तुम्ही तरी काहून मानावं?"

"आणि यादीत आहे ते?"

"कुठल्याही नावावर बोट ठेवा."

अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं. ताईंनी फोटो दाखवला, बघणाऱ्या दोघांना उभं केलं. दुसऱ्यावर ठेवलं. तिसऱ्यावर ठेवलं. बागेत दिसणारी ती साधी फुलपाखरं एकेक करून उभी राहत गेली. वकील मध्येच काही बोलला, तर अधिकारी म्हणाले, "थांबा हो, यांचं संपू द्या." शेवटी ते म्हणाले, "मी स्वतः जागा पाहायला येतो."

ते आले. सगळं जंगल काही वाचलं नाही. वरच्या अंगाची झुडपं गेली, तिथे आता सिमेंटचे खांब रोवलेत. पण तलावालगतचा पट्टा, नाला आणि घोळीची जागा लेआउटमधून वगळली गेली.

सुनावणीच्या दिवशी बाहेर टपरीवर चहा घेताना मी संतापाने म्हणाले, "ताई, कोणी दिलं असेल ते? मला तर मृणालवर..." म्हणता म्हणता थांबले. मृणाल कोपऱ्यात उभी राहून सरांना पाणी देत होती. मग वाटलं, पुतण्याची गोष्ट पसरवणाऱ्यांपैकी कोणी. मग वाटलं, विलासनेच काकूचा फोन उघडला असेल. ताई बशीत चहा ओतत होत्या.

"मीही तवापासून एकेकाचं तोंड पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "तुहंही पाह्यलं."

"मग?"

"मंग काय. पुरावा नाही. पुरावा नसताना फुलपाखरू नाही लिहिलं, तर माणूस कसा लिहू?" बशी त्यांनी एका घोटात संपवली. "उद्या लवकर ये. ऊन तापते."

त्या हिवाळ्यात सावनेरला मुलीकडे असताना त्या झोपेतच गेल्या. आम्ही सगळे गेलो होतो, सरही, मृणालही, विलासही. विलास सर्वात जास्त रडला.

गट अजून चालतो. मे महिन्यात उजाडता उजाडता आम्ही तलावावर जमतो. त्या वर्षीचे बहुतेक सगळे अजून येतात. म्हणजे तो कागद वकिलाकडे पोहोचवणाराही, किंवा पोहोचवणारी, बहुतेक येत असेल. कधी कधी मी चिखलाकडे पाहायचं सोडून चेहऱ्यांकडे पाहत राहते. मग थर्मास उघडते, आणि सगळ्यांच्या कपात सारखाच चहा ओतते.